वाटेतली गाठ

पाऊस नुकताच ओसरला होता, डोंगराच्या धारेवर गार वारा सुटला होता आणि आम्ही दोघं सॅका टेकवून निवांत बसलो होतो. डाव्या हाताच्या घळीतून आधी दगड घरंगळल्याचा आवाज आला, मग कुणीतरी खोकल्याचा, आणि मग झुडपं बाजूला सारत एक मुलगा वर आला. एकटाच. पंचविशीचा असेल नसेल. गुडघ्यापर्यंत चिखल, कोपर सोललेलं, एका हातात कुठूनतरी मोडून घेतलेली काठी आणि दुसऱ्या हातात मनगटाला दोरीने बांधलेलं हॅण्डहेल्ड जीपीएस. बराच वेळ नुसताच धापा टाकत उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, ही वाट खाली उतरते ना हो? नकाशात तर दिसतेय. मी निम्म्यात गेलो, पुढे काहीच नाही, नुसता कातळ आणि पाणी." आणि पुरावा दाखवावा तसा त्याने स्क्रीन माझ्या तोंडासमोर धरला. हिरव्या पट्ट्यावर बारीक तुटक रेघ, धारेवरून निघून घळीत शिरलेली. मी सवयीने झूम करत गेलो. १२० मीटर, ८०, ५०. पन्नासला आल्यावर त्या रेघेच्या मधोमध एक बारकीशी गाठ दिसली. दोऱ्याला पडते ना, अगदी तशी.

ती गाठ माझी होती.

तीनेक वर्षांपूर्वी आम्ही दोघंच, हाच मित्र आणि मी, इथून खाली उतरलो होतो. मुख्य वाट चुकली होती हे खरं, पण ते आम्ही एकमेकांना कबूल केलं नव्हतं. कोरडे दिवस होते, घळीत पाण्याचा टिपूस नव्हता, मुळं धरत, बुड टेकत उतरलो आणि खाली पोचलो. वाटेत माझी पाण्याची बाटली सॅकच्या बाजूच्या कप्प्यातून सटकली, ते पुढे गेल्यावर कळलं, म्हणून पंचवीस-तीस पावलं मागे चढून गेलो, बाटली उचलली, परत आलो. मशीन इमानेइतबारे सगळं नोंदवत होतंच. घरी आल्यावर मोठ्या उत्साहात तो ट्रॅक ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकतो अशा नेटवरच्या नकाशावर, चढवला, त्यावरून रेघ ओढली, प्रकार 'पायवाट' निवडला आणि सेव्ह. रेघ ओढली म्हणतोय पण खरं तर कच्चा ट्रॅक तसाच चिकटवला, ती मागेपुढे केलेली गाठसुद्धा सोडवली नाही. नकाशावर आपलं काहीतरी आहे याचा केवढा आनंद झाला होता तेव्हा. चार जणांना दाखवलं पण होतं.

तर तो मुलगा माझ्याकडे बघत उभा. आणि मी त्याला काय म्हणालो? "अरे, हे नकाशे असेच असतात, फार भरवसा ठेवायचा नाही."

मित्राने माझ्याकडे बघितलं. बोलला काही नाही. मग तो मुलगा आमच्याबरोबरच मुख्य वाटेने उतरला आणि उतरता उतरता त्याने अगदी साधा प्रश्न विचारला, "तुम्ही कुठला नकाशा वापरता? मी मोटरसायकलवर पण फिरतो, दोन्हीला चालेल असा चांगला नकाशा सांगा ना." मी काहीतरी तज्ज्ञासारखं बोललो. दोन-तीन नावं फेकली. त्याने ती मोबाईलमध्ये लिहून घेतली, आणि ते लिहून घेणं मला त्या कोपराच्या खरचटण्यापेक्षा जास्त लागलं. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यात आहे. त्याला द्यायला हवं होतं ते उत्तर असं चालता चालता देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे बसून लिहितोय.

मी पहिलं हॅण्डहेल्ड घेतलं तेव्हा महिनाभर मशीनचाच अभ्यास केला होता. अँटेना कुठली, बॅटरी किती तास, कंपास तीन अक्षांचा आहे का, बॅरोमीटर आहे का. नकाशा हा शब्द त्या सगळ्या अभ्यासात आलाच नाही कारण मला वाटायचं की जीपीएसमध्ये नकाशा असतोच, जसं घड्याळात काटे असतात. डबा उघडला, दोन सेल घातले, गच्चीवर जाऊन फिक्स, म्हणजे उपग्रहांवरून आपली जागा, मिळायची वाट बघत बसलो, आणि फिक्स मिळाल्यावर स्क्रीनवर काय दिसलं, तर पिवळट रंगाचं रिकामं मैदान, त्यात एक निळा त्रिकोण म्हणजे मी, आणि लांब कोपऱ्यात एक लाल रेघ जी बहुतेक कुठला तरी महामार्ग असावी. मशीनबरोबर येणारा तो बेसमॅप. जगात खंड कुठे आहेत एवढं त्यातून कळतं. त्या दिवशी गच्चीत उभं राहून लक्षात आलं की वीस हजार किलोमीटरवरून फिरणारे उपग्रह मला फक्त मी कुठे आहे ते सांगतायत. तिथे आहे काय, हे त्यांना माहीतच नाही. ते दुसऱ्या कुणीतरी सांगायचं असतं.

आणि तो दुसरा कोण, हे विचारायचं आम्हाला सुचतच नाही. पूर्वी त्याने फरकही पडत नव्हता म्हणा. मे २००० पर्यंत अमेरिकन लष्कर नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड मिसळायचं, त्यामुळे साध्या माणसाच्या मशीनवर शंभर मीटरपर्यंत चूक यायची. ठिपकाच एवढा नाचरा असल्यावर नकाशातली वाट थोडी इकडेतिकडे असली तरी कोण तिला विचारतो! ती गडबड बंद झाली, मग ग्लोनास, गॅलिलिओ, बेइदोऊ असे बाकीच्या देशांचे उपग्रहही मशीनला ऐकू यायला लागले, आणि आता मोकळ्या आभाळाखाली ठिपका तीन ते पाच मीटरात येऊन बसतो. रेघ मात्र अजून तशीच आहे, कुणीतरी खोलीत बसून उपग्रहाच्या फोटोवरून हाताने ओढलेली, झाडीखाली वाट कुठे असेल याचा अंदाज बांधत. त्यामुळे कितीतरी वेळा असं होतं की मी कोरड्या वाटेवर टणाटण चालतोय आणि स्क्रीनवर मात्र ओढ्याच्या मधोमध आहे. पायात बूट कोरडे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी मशीनवर चिडलो होतो, कॅलिब्रेशन काय, रीस्टार्ट काय. मशीनचं काही चुकलेलं नव्हतं, बिचारं खरं बोलत होतं.

हे खोटं लपवायची एक सोय पण मशीनमध्ये असते, लॉक ऑन रोड. चालू केली की तुमचा ठिपका जवळच्या रस्त्यावर ओढून चिकटवला जातो. मोटरसायकलवर हे बरं वाटतं, बाण कसा ऐटीत रस्त्याच्या मधून जातो. पण ती सोय चालू राहिली आणि तुम्ही तशीच मशीन खिशात टाकून डोंगरात शिरलात, की ते तुम्हाला वाटेवरच दाखवत राहणार, तुम्ही वीस मीटर बाजूला झुडपात धडपडत असलात तरी. मला हे कळायला एक अख्खी दुपार लागली होती. जुनी माणसं चकवा लागला म्हणायची, फिरून फिरून त्याच जागी. आमचा चकवा सेटिंगमध्ये होता.

आता त्या मुलाचा दुसरा भाग, 'दोन्हीला चालेल असा'. इथेच सगळी मेख आहे. मोटरसायकलवर असताना मला नकाशातून हवं असतं ते असं: पुढचा फाटा डावा का उजवा, रस्ता डांबरी का कच्चा, पेट्रोल किती लांब. स्क्रीन हँडलवर थरथरत असतो, मी अर्धा सेकंद खाली बघणार, त्या अर्ध्या सेकंदात जे दिसेल ते खरं. झूम ३०० किंवा ५०० मीटरवर. रस्ते जाड, रंग भडक, बाकी काही नको. आणि तोच मी दुसऱ्या दिवशी सकाळी सॅक पाठीवर टाकून निघालो की मला रस्त्यांशी काही देणंघेणं नसतं. मला कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेघा हव्यात, सोंड कुठे उतरते, खिंड कुठे आहे, ओढा ओलांडायचा का कडेने जायचं, झऱ्याची खूण आहे का. झूम ८० मीटर. एकाच नकाशावर हे दोन्ही घातलं की काय होतं ते माझ्या जुन्या मशीनवर बघितलंय, २.२ इंची स्क्रीन, १७६ गुणिले २२० पिक्सेल. डोंगराळ भागात वीस-वीस मीटरचे कंटूर लावले की सगळा स्क्रीन तपकिरी शेवयांनी भरून जायचा आणि त्यात रस्ता कुठला हे शोधायला गाडी बाजूला घ्यावी लागायची.

विकतचे नकाशे बहुतेक गाडीवाल्यांसाठी बनलेले असतात आणि त्यात वाईट काही नाही. ज्या कंपन्या ते बनवतात त्यांच्या गाड्या रस्त्यारस्त्याने फिरून सर्व्हे करतात, त्यामुळे वन वे, पूल, वळायला मनाई, घरांचे नंबर, सगळं चोख. पण गाडी जिथे थांबते तिथे त्यांचा नकाशा पण थांबतो. मी एकदा असा नकाशा घेऊन डोंगरात गेलो आणि शेवटच्या पार्किंगपलीकडे नुसता पांढरा स्क्रीन. दुसरे असतात टोपो नकाशे, म्हणजे डोंगरदऱ्यांचे चढउतार दाखवणारे, कित्येक देशांत सरकारी सर्व्हेच्या शीटवरून केलेले, फार देखणे, कड्यांच्या दातेरी रेघा वगैरे काढलेल्या. ते बघत तासन् तास बसावं. पण त्यातल्या पुष्कळशा टोपो नकाशांवर मशीन रस्ता काढून देत नाही, त्याच्या लेखी रस्ते म्हणजे नुसतं चित्र, एकमेकांना जोडलेले आहेत हे त्याला माहीतच नसतं. रूटेबल का नॉन-रूटेबल हा प्रश्न घेण्याआधी विचारायचा असतो. मी नंतर विचारला.

आणि मग ओपनस्ट्रीटमॅपवरून केलेले नकाशे. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टने हे सुरू केलं, कारण तिथला सरकारी नकाशा फुकट वापरता येत नव्हता. आता जगभरची माणसं त्यात वाटा, झरे, दगडी बांध, काय वाट्टेल ते भरत असतात. तोच एक डेटा घेऊन वेगवेगळी मंडळी वेगवेगळे नकाशे शिजवतात, ओपनटोपोमॅप, फ्रायत्साइटकार्टे, सायकलवाल्यांचे ओपनएमटीबीमॅप, बहुतेकजण एमकेजीमॅप नावाचा प्रोग्रॅम वापरून. फाईल उतरवायची, एसडी कार्डावर 'गार्मिन' या मशीनच्या कंपनीच्याच नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची, झालं. जुन्या मशीनमध्ये त्या फाईलचं नाव पण ठरलेलं लागायचं आणि एका वेळी एकच चालायची, नवीन मशीन कुठल्याही नावाच्या चार फाईली मुकाट घेतं. फक्त हावरटपणा करून अख्खा खंड एका फाईलीत कोंबायला गेलात तर ४ जीबीला कार्ड हात वर करतं. गंमत म्हणजे हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये आधीच भरून येणारा टोपोअॅक्टिव्ह नकाशाही याच डेटावरून केलेला असतो. म्हणजे तुम्ही काही निवडलं नाही तरी कुणातरी अनोळखी माणसाची रेघ तुमच्या खिशात असतेच.

माझी, उदाहरणार्थ.

नकाशा शिजवणाऱ्याचं पण एक मत असतं, हे मला फार उशिरा उमगलं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वाटेबद्दल पुष्कळ लिहिता येतं. चढाईची अवघडता स्विस अल्पाइन क्लबच्या सहा पायऱ्यांमध्ये, वाट जमिनीवर कितपत दिसते त्याच्याही सहा, उत्तमपासून अजिबातच नाही इथपर्यंत, आणि कच्च्या रस्त्यांना पाच ग्रेड. पण हे सगळं डेटात असलं तरी तुमच्या स्क्रीनवर उतरेल याची खात्री नाही. शिजवणाऱ्याने ठरवलं की सगळ्या पायवाटा एकाच तुटक रेघेने दाखवायच्या, की संपलं, मळलेली रुंद वाट आणि दोर लावून उतरायची जागा स्क्रीनवर जुळ्या बहिणी. म्हणून नकाशा उतरवायच्या आधी मी आता त्याची सूचीच वाचतो, लेजेंड. अवघड वाट वेगळ्या रंगात आहे का? नीट न दिसणारी वाट ठिपक्यांनी दाखवलीय का? हे नसेल तर बाकी कितीही सुंदर असला तरी तो नकाशा मी चालायला घेत नाही. हे एवढंच त्या मुलाला सांगितलं असतं तरी पुरलं असतं. अर्थात त्याच्या केसमध्ये त्याचाही उपयोग नव्हता, कारण मी त्या रेघेबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. नुसतं 'पायवाट'.

मोटरसायकलवर माझी जी एकदा जिरली त्याची गोष्ट सांगतो, म्हणजे फक्त दुसऱ्यांनाच फसवलंय असं नाही. मी घरी कॉम्प्युटरवर एका नकाशावर छान रूट आखला होता, वळणावळणाचा, मुद्दाम लांबचा. मशीनमध्ये मात्र दुसरा नकाशा होता. रूट म्हणजे मुळात चार-पाच खांब आणि त्यांच्यामधली दोरी मशीनने आपली आपण बांधायची, आपल्या नकाशाप्रमाणे. निघताना त्याने विचारलं, रूट परत काढू का, आणि मी हातमोज्यातल्या बोटाने हो दाबलं. झालं. दोरी दुसरीकडूनच गेली. 'मातीचे रस्ते टाळ' हे सेटिंग मी लावलेलं होतं, आठवणीने लावलं होतं, पण ते सेटिंग चालतं कधी, तर त्या रस्त्यावर माती आहे असं कुणीतरी नकाशात लिहून ठेवलं असेल तेव्हा. तिथे कुणी काहीच लिहिलं नव्हतं, म्हणून मशीनच्या दृष्टीने तो रस्ता चांगलाच. आधी खडी, मग दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत, मग एकच चाकोरी, आणि मग एका वळणावर, कसलीही सूचना न देता, दगडी पायऱ्या. गाडी सामानासकट अडीचशे किलो, उतार माझ्या दिशेने, वळवायला जागा हातभर. त्या पायऱ्यांसमोर मी किती वेळ बसून होतो माहीत नाही. इंजिन गार होताना टिक टिक करत होतं आणि स्क्रीनवर बाण अगदी आनंदाने सांगत होता, सरळ जा.

तेव्हापासून गाडीवर रूट नाही, ट्रॅक. ट्रॅक म्हणजे नुसती रेघ, ती कुठल्याही नकाशावर टाका, हलत नाही. तो डावीकडे वळा म्हणत नाही, काहीच म्हणत नाही, आपण बघून बघून जायचं, पण निदान वेशांतर तरी करत नाही. जुन्या काही मशीनमध्ये सेव्ह केलेल्या ट्रॅकला ५०० पॉइंटांची मर्यादा असायची, वर गेला की शेपूट गुपचूप कापायचं, त्यामुळे जुनं मशीन असेल तर शेवटचा टप्पा आहे ना ते आधी बघून घ्यावं. आणि मशीन सेलवर चालणारं असेल तर हँडलच्या थरथरीने सेल क्षणभर स्प्रिंगपासून सुटतात आणि ते ऐन चौकात मान टाकतं, यावर मी झाकणाच्या आतून घडी केलेला कागद घालतो. कुठलं तरी बिल असतं. हँडहेल्ड कशाला, मोबाईल लाव की, असं सगळे म्हणतात. मोबाईलच्या कॅमेऱ्याचं या थरथरीने वाटोळं होऊ शकतं असं खुद्द अॅपलनेच २०२१ मध्ये लेखी सांगितलंय, पण मी मुळात त्या कारणासाठी हँडहेल्ड वापरत नाही. भर उन्हात त्याचा स्क्रीन जास्त स्वच्छ दिसतो, तेवढंच. आणि त्याच्यावर कुणाचा फोन येत नाही.

कंटूरचं राहिलंच. फुकटच्या नकाशांमधले कंटूर बहुतेक ठिकाणी एकाच उड्डाणातून आलेत, फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या स्पेस शटलने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने उंची मोजली होती त्यातून. बराच काळ अमेरिकेबाहेरच्या जगासाठी ९० मीटरचा चौकोन मिळायचा, २०१४ पासून ३० मीटरचा मिळायला लागला. चौकोन म्हणजे काय, तर तीस बाय तीस मीटर जागेला मिळून एक उंची. आता विचार करा, त्या चौकोनात पंधरा मीटरचा उभा कातळ असेल तर? आणि कंटूर वीस-वीस मीटरवर असतील तर? तो कातळ दोन रेघांच्या मधल्या फटीत अख्खा गडप होतो. स्क्रीनवर दिसतो तो नुसता बऱ्यापैकी उतार. आणि दाट झाडी असेल तर रडार झाडांच्या शेंड्यांवरूनच बऱ्याच अंशी परत फिरतं, म्हणजे उंचीत जंगल पण मिसळलेलं. त्या घळीत त्या मुलाला जो कातळ आडवा आला तो मला आठवतो, मी त्याच्या डाव्या अंगाने मूळ धरून उतरलो होतो. नकाशावर तिथे काहीच नाही. दोन कंटूर, आणि त्यांच्यामधून निर्धास्त जाणारी माझी रेघ.

मध्यंतरी एका बेटाबद्दल वाचलं होतं. सँडी आयलंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनियाच्या मधे. कितीतरी नकाशांवर होतं, डिजिटल नकाशांवर पण. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाचं एक संशोधन जहाज बरोब्बर त्या जागेवरून गेलं, तर खाली हजार मीटरहून खोल पाणी. जुन्या चार्टमधली चूक नवीन डेटात उतरली, तिथून पुढच्या डेटात, आणि प्रत्येकाला वाटलं आधीच्याने बघितलं असेल. तेव्हा मी हसलो होतो.

सध्या माझ्या मशीनमध्ये दोन प्रोफाईल आहेत. एकाचं नाव 'गाडी', एकाचं 'पाय'. गाडीत साधा रस्त्यांचा रूटेबल नकाशा, कंटूर बंद, लॉक ऑन रोड चालू. पायात टोपो, वरून पारदर्शक कंटूरचा वेगळा लेयर, लॉक बंद. दोन रूटेबल नकाशे एकाच वेळी चालू ठेवायचे नाहीत हे धडपडून शिकलोय, एक दुसऱ्यावर पांघरुणासारखा पसरतो आणि आपण खालच्याला शोधत बसतो. हे सगळं जमलं की छान वाटतं, एक प्रकारचा नीटनेटकेपणा. शोधमोहिमेला निघाल्यासारखं. आणि तरी त्या मुलाच्या प्रश्नाला हे उत्तर होतं का? त्याच्याकडचा नकाशा चांगलाच होता. मी त्याला सुचवलेल्या नावांपैकी एक तर तोच होता जो त्याच्या मशीनमध्ये होता, फक्त त्याला त्याचं नाव माहीत नव्हतं.

घरी आल्यावर त्याच रात्री ओपनस्ट्रीटमॅप उघडला. ठरवलं होतं, रेघ उडवायची. शोधली, सिलेक्ट केली, आणि सवयीने तिचा इतिहास बघितला. माझ्यानंतर तिला दोघांनी हात लावला होता. एकाने खालच्या टोकाला ओढा ओलांडायची जागा नीट जोडली होती. दुसऱ्याने वरचं एक वेडंवाकडं वळण सरळ केलं होतं, गाठ मात्र तशीच ठेवली होती, बहुतेक त्याला वाटलं असेल की तिथे खरंच काहीतरी असेल, एखादा वळसा, मोठा दगड. आणि लोकांनी चढवलेले उघडे ट्रॅक लावून बघितले तर त्या घळीतून आणखी तीन रेघा उतरलेल्या. तीन माणसं. माझ्या रेघेमुळे गेली का आमच्यासारखीच चुकून गेली, कळायला मार्ग नाही. पण गेली, आणि पोचली. म्हणजे आता तिथे थोडी वाट पडली असेल का? पाच माणसांनी मुळं धरून उतरल्यावर वाट होते का? नियम सांगतो की जमिनीवर जे आहे ते नकाशावर लिहा. जमिनीवर काय आहे ते त्या मुलाच्या कोपरावर बघितलं होतं मी. पण तो पाऊस ओसरताना गेला होता आणि मी कोरड्यात.

रात्री एक वाजता मी ती रेघ ठेवली. अवघडता वरून तिसऱ्या पायरीवर नेली, 'दिसते का' मध्ये 'अतिशय वाईट' लिहिलं, आणि टीप टाकली की पावसात पाणी असतं, मधे कातळ आहे, डावीकडून. मग झूम करून गाठीशी आलो. तीस-एक मीटरचा तो फेरा, सात-आठ पॉइंट. माऊसने एकेक उचलून सरळ रेघेत बसवला. शेवटचा पॉइंट हलवताना बाटली आठवली, निळी होती, ती नंतर दुसऱ्याच एका ट्रेकला कायमची हरवली.

हे नेटवर दुरुस्त झालं. मशीनमध्ये नाही. ज्याने ज्याने फाईल उतरवून कार्डावर टाकली त्याच्याकडे ती रेघ तशीच, साधी तुटक, टीप नाही, रंग नाही, गाठीसकट. त्या मुलाचा नंबर घ्यायचं सुचलं नाही. घेतला असता तरी काय सांगितलं असतं, हा एक वेगळाच प्रश्न.

माझ्या स्वतःच्या कार्डावर पण अजून जुनीच फाईल आहे. परवा नवीन उतरवायला बसलो होतो, मग राहिलं. परत त्याच धारेवर गेलो होतो, मित्र होताच, तो त्या घळीच्या तोंडाशी जरा थांबला आणि म्हणाला, "काय रे, आहे का अजून?" मी मशीन काढलं. पन्नासला गाठ दिसते, ऐंशीला रेघ सरळ होऊन जाते. मी ऐंशीवर ठेवून त्याला दाखवलं.